झां-बातिस्त कार्पो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्पो नेमका कोण?

झां-बातिस्त कार्पो (१८२७–१८७५) हा तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीतला फ्रेंच शिल्पकार. पॅरिसच्या ऑपेरा हाउसवर ‘नृत्य’ हा शिल्पसमूह आहे, तो त्याचा. भुकेने तडफडणाऱ्या मुलांच्या गराड्यात स्वतःची बोटं चावत बसलेला उगोलिनोही त्याचाच. आपल्याकडे फ्रेंच शिल्पकार म्हटलं की रोदँचं नाव येतं आणि गप्पा तिथेच थांबतात. रोदँच्या आधीच्या पिढीत दगडाला मांसाची ऊब देणारा माणूस शोधायचा तर तो कार्पो, असं माझं मत आहे. अभ्यासकांपैकीही बरेच जण याच मताचे आहेत.

त्याची एक खोड आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ती भेटेल. त्याला जागा, विषय, मूर्तींची संख्या, काहीही आखून दिलं की तो ती रेघ ओलांडणारच. स्पर्धेचे नियम, वास्तुविशारदाचा नकाशा, ठरलेला खर्च, कशाचाच अपवाद नाही.

त्याचं घर कलावंतांचं होतं का?

नाही. उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सीमेजवळ व्हालांसिएन नावाचं गाव आहे. तिथे ११ मे १८२७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील गवंडी, आई लेस विणणारी. थोर चित्रकार वातो याच गावचा, आणि व्हालांसिएनला त्याचा भारी अभिमान. घरात मात्र चित्रांपेक्षा चुलीची काळजी जास्त. १८३८ मध्ये कुटुंब पॅरिसला आलं आणि मुलगा ‘छोटी शाळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुकट चित्रकला-शाळेत जाऊ लागला. कारागिरांना नीट रेखाटन यावं म्हणून काढलेली ही शाळा. पुढे कार्पोने तिथे शिकवलंही. त्या विद्यार्थ्यांत पुढे शिल्पकार म्हणून नावाजलेला दालू होता, आणि १८५४ मध्ये दाखल झालेला चौदा वर्षांचा ओग्युस्त रोदँही होता.

त्याचे गुरू कोण?

१८४४ मध्ये तो सरकारी कला-महाविद्यालयात, एकोल दे बोझारमध्ये गेला आणि फ्रांस्वा र्‍यूदच्या हाताखाली शिकू लागला. पॅरिसच्या विजयकमानीवर हात उंचावून ओरडणारी स्त्री आणि तिच्यामागे निघालेले स्वयंसैनिक आहेत ना, ‘ला मार्सेयेज’ म्हणतात त्या शिल्पाला, ते र्‍यूदचं. निसर्गाकडे बघा, मॉडेल नीट मोजा, पण पुतळा मरू देऊ नका, अशी त्याची शिकवण होती. अडचण एवढीच, की अकादमीतल्या मंडळींचं आणि र्‍यूदचं अजिबात पटत नसे. त्याच्या विद्यार्थ्यांना मोठी बक्षिसं मिळत नसत. ही गोम ओळखून कार्पोने १८५० मध्ये गुरू बदलला आणि द्युरे या शिल्पकाराकडे गेला. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. गवंड्याच्या मुलाला पोट होतं आणि महत्त्वाकांक्षाही होती, त्यामुळे मी त्याला फार दोष देत नाही. शिवाय हातात जे मुरलं होतं ते शेवटपर्यंत र्‍यूदचंच राहिलं.

‘रोमचं पारितोषिक’ म्हणजे काय, आणि ते त्याला कधी मिळालं?

फ्रान्समधल्या तरुण कलावंतासाठी ही सर्वोच्च स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने काही वर्षं रोमला, व्हिला मेदिची या फ्रेंच अकादमीच्या वास्तूत राहून काम करायला मिळे. तिथून परतलेल्याला सरकारी कामांची ददात नसे. विषय ठरवून दिलेला असे, बहुधा ग्रीक-रोमन पुराणांतला.

कार्पो बरीच वर्षं या बक्षिसामागे होता. १८५४ मध्ये ते त्याला मिळालं, ‘आपल्या मुलासाठी देवांची करुणा भाकणारा हेक्टर’ या शिल्पाबद्दल. हेक्टर म्हणजे ग्रीक पुराणांतला ट्रॉयचा वीर. त्याच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत आज्ञाधारक वाटतं, आणि म्हणूनच सर्वांत कमी कार्पोचं. हातातली कामं आटोपून तो रोमला निघाला तोवर १८५६ साल उजाडलं होतं.

रोममध्ये त्याने काय केलं?

मायकेलअँजेलो पाहिला, आणि मग बाकी सगळं फिकं पडलं. व्हिला मेदिचीच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांनी दरवर्षी ठरावीक काम पॅरिसला पाठवायचं असे. १८५८ मध्ये कार्पोने शिंपला कानाला लावून हसणारा कोळ्याचा पोर पाठवला. गुडघ्यावर रेललेला, ओठ विलग, दात दिसताहेत. र्‍यूदनेही पंचविसेक वर्षांपूर्वी कासवाशी खेळणारा नेपल्सचा कोळीपोर केला होता, तेव्हा गुरूचं ऋण उघड आहे. पण कार्पोच्या पोराच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणात पसरेल किंवा मावळेल असं आहे, आणि ते दगडात धरणं भलतंच अवघड. याची संगमरवरी आवृत्ती सम्राज्ञी युजेनीने घेतली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

रोमजवळच्या पालोंबारा गावची एक शेतकरी तरुणीही याच काळातली. ‘ला पालोंबेला’ या नावाने तिचा अर्धपुतळा त्याने केला. ती १८६१ मध्ये वारली. तिच्या चेहऱ्याचे भाव त्याच्या पुढच्या स्त्रीमूर्तींमध्ये पुन्हा दिसतात असं जाणकार सांगतात.

उगोलिनोची गोष्ट काय आहे? शिल्प इतकं भयंकर का?

तेराव्या शतकात पिसा शहरात उगोलिनो नावाचा सरदार होता. राजकारणात हरल्यावर त्याला मुलं-नातवंडांसह एका मनोऱ्यात कोंडलं, दार बंद केलं आणि अन्न तोडलं. इटालियन कवी दान्तेने ‘नरक’ या काव्यखंडाच्या तेहतिसाव्या सर्गात ही हकीकत उगोलिनोच्याच तोंडून सांगितली आहे. दुःखाच्या भरात बाप स्वतःचे हात चावतो. मुलांना वाटतं, त्याला भूक लागली. म्हणून ती म्हणतात की बाबा, आम्हालाच खा. कार्पोने नेमका हाच क्षण घेतला.

बाप बसलेला आहे. बोटं तोंडात, कपाळावर आठ्यांचं जाळं. पायांची बोटंसुद्धा एकमेकांवर आवळलेली. हा तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण नजर चेहऱ्यावरून हटत नाही. भोवती चार मुलं आहेत. एक गुडघ्यांना मिठी मारून वर बघतंय, आणि सगळ्यात धाकटं पायाशी पडलंय. ते झोपलंय की संपलंय हे कळत नाही. वरून खाली पाहत गेलं की एकेका मुलाबरोबर जीव कमी कमी होत जातो. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, नुसता आक्रोश नाही. सापांच्या विळख्यात सापडलेल्या बाप-मुलांच्या प्राचीन ‘लाओकून’ शिल्पाचा आणि मायकेलअँजेलोच्या पिळदार देहांचा अभ्यास त्यामागे आहे.

आता खोडीकडे येऊ. अकादमीला शेवटच्या वर्षाचं काम म्हणून एक-दोन मूर्तींचं शिल्प अपेक्षित होतं, तेही शक्यतो प्राचीन विषयावर. याने मध्ययुगीन ख्रिस्ती कवीचा विषय घेतला आणि पाच मूर्ती उभ्या केल्या. व्हिलाचे संचालक श्नेत्झ यांच्याशी वाद झाले आणि काम लांबलं. प्लास्टर १८६१ मध्ये पुरं झालं तेव्हा ते बघायला रोममध्ये गर्दी लोटली. मग सरकारनेच ते ब्राँझमध्ये ओतून घेतलं आणि १८६३ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात, मांडलं. पुढे काही काळ ते त्विलरी बागेत ‘लाओकून’च्या ब्राँझ प्रतिकृतीला जोड म्हणून ठेवलेलं होतं. आज ब्राँझ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं संगमरवरी शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. माझा कौल ब्राँझला. पांढऱ्या संगमरवरात उपासमार जरा स्वच्छच दिसते.

तो दरबारी शिल्पकार होता. म्हणजे खुशमस्कऱ्या होता का?

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच, आणि सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही. अजून विद्यार्थी असताना, १८५३ मध्ये, त्याने ‘सम्राट अब्द-अल-कादिरचं स्वागत करतात’ असं उठावशिल्प केलं. अल्जीरियात फ्रेंचांशी लढलेल्या त्या अमीराला लुई-नेपोलियनने, म्हणजे पुढे सम्राट झालेल्या तिसऱ्या नेपोलियननेच, नुकतंच कैदेतून सोडलं होतं. प्रदर्शनात सम्राटाचं लक्ष गेलं नाही. सम्राट उत्तर फ्रान्सच्या दौऱ्यावर निघाल्यावर कार्पोने ते शिल्प त्याच्या नजरेस पडेल अशी व्यवस्था केली आणि संगमरवरात करण्याचं काम मिळवलं. विषयाची निवडच सांगते की चिरंजीव डोळे उघडे ठेवून होते.

रोमहून परतल्यावर मार्की द प्येन या दरबाऱ्याच्या ओळखीने दारं उघडली. सम्राटाची चुलत बहीण राजकन्या मातिल्द हिचा अर्धपुतळा १८६३ मध्ये गाजला. १८६४ मध्ये युवराजाला चित्रकला शिकवण्याचं काम मिळालं, आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘युवराज आणि त्याचा कुत्रा नेरो’ हा पुतळा झाला. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, अंगात साधं जाकीट, विजार गुडघ्यापर्यंत, हात कुत्र्याच्या गळ्यात. मुकुट नाही, तलवार नाही, लष्करी पोशाख नाही. त्यामुळे तो लोकांना आवडला आणि सेव्रच्या चिनी मातीत त्याच्या लहान प्रती निघाल्या. साम्राज्य कोसळल्यावर हेच शिल्प ‘कुत्र्यासोबतचा मुलगा’ या निरुपद्रवी नावाने वावरू लागलं. तो मुलगा पुढे इंग्रजांच्या फौजेबरोबर आफ्रिकेत गेला आणि १८७९ च्या झुलू युद्धात मारला गेला.

तेव्हा दरबाराशी सलगी होती, फायदाही होता. पण त्याच्या अर्धपुतळ्यांत चापलुसी फारशी सापडत नाही. दुहेरी हनुवटी असेल तर ती आहे, थकलेले डोळे असतील तर थकलेले. आणि सम्राट गादीवरून गेल्यावरही हा माणूस त्याच्याकडे जातच राहिला. तो भाग पुढे येतोच.

लूव्रच्या भिंतीवर त्याचं काय आहे?

राजवाड्याच्या नदीकाठच्या कोपऱ्यावर पाव्हिलाँ द फ्लोर हा भाग आहे. वास्तुविशारद लफ्युएल यांनी त्याच्या दक्षिण दर्शनी बाजूची सजावट कार्पोला दिली. १८६३ ते १८६६ या काळात त्याने तिथे मुलांच्या घोळक्यात गुडघे टेकून हसणारी फुलांची देवता फ्लोरा केली. उठावशिल्प म्हटल्यावर भिंतीच्या ओळंब्यात बसावं ही अपेक्षा. फ्लोरा मात्र भिंतीतून बाहेरच येते. लफ्युएल भडकले, इमारतीची रेघ मोडते म्हणाले. प्रकरण सम्राटापर्यंत गेलं, आणि सम्राटाने जागेवर पाहून कार्पोची बाजू घेतली. १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडाच्या, दिवसांत शेजारचा त्विलरी राजवाडा जळून गेला. फ्लोरा वाचली, आणि ती अजूनही तिथे हसते आहे. लूव्रच्या रांगेत उभी राहणारी बहुतेक मंडळी तिच्याकडे न बघताच आत जातात.

‘नृत्य’ या शिल्पावर शाई फेकली होती, हे खरं का?

खरं आहे. पण शाईच्या आधी काय झालं तेही पाहायला हवं, कारण ते अधिक गमतीचं आहे.

शार्ल गार्निए नवं ऑपेरा हाउस बांधत होता. दर्शनी भागावर चार शिल्पसमूह हवे होते, आणि ते चार शिल्पकारांना वाटून दिले: जूफ्र्वा, गियोम, पेरो आणि कार्पो. १८६५ मध्ये कार्पोच्या वाट्याला ‘नृत्य’ आलं. दर्शनी भागाचा तोल राहावा म्हणून प्रत्येकाने तीन मूर्तींत काम उरकावं असं ठरलं होतं. बाकीच्या तिघांनी ते मुकाट्याने पाळलं. कार्पो आराखड्यावर आराखडे करत सुटला आणि शेवटी नऊ मूर्तींवर येऊन थांबला. मधोमध पंख असलेला, हात उंचावून डफ वाजवणारा तरुण, त्याच्याभोवती फेर धरलेल्या विवस्त्र स्त्रिया, पायाशी एक खट्याळ बालक. दगड वाढला, खर्च वाढला. गार्निए वैतागला खरा, पण त्याने एकदा नमुना पाहिला आणि शिल्पकाराच्या उधळेपणाने इमारतीचं थोडं बिघडलं तरी चालेल, अशी कलाकृती गमावणं परवडणार नाही, असं ठरवलं. असा मालक सगळ्यांनाच मिळत नाही.

२७ जुलै १८६९ रोजी समूह उघडा झाला आणि शहरात गदारोळ उठला. नग्नता ही काही नवी गोष्ट नव्हती. पॅरिसच्या बागा विवस्त्र देवींनी भरलेल्या होत्या. पण त्या देवी थंड, गुळगुळीत, कुठेतरी दूर बघणाऱ्या. या बायका हसतात, घामेजल्यासारख्या दिसतात, त्यांच्या कमरेवर वळ्या आहेत, तोल जातोय असं वाटतं. त्या देवी न वाटता कालच्या जलशात भेटलेल्या बायका वाटल्या. मंगळागौरीच्या रात्री फेर भरात आला की फुगडी घालणारीचं आजूबाजूचं भान सुटतं. तो वेग या बायकांच्या अंगात आहे, आणि लोकांना तोच झेपला नाही. वर्तमानपत्रांतून दारूचा वास येतो वगैरे टीका झाली. बायकामुलींना घेऊन आता या रस्त्याने कसं जायचं, असेही प्रश्न आले.

ऑगस्टच्या २६-२७ च्या रात्री कुणीतरी शाईची बाटली नेम धरून मारली. एका नर्तकीच्या कमरेवर काळा ओघळ उतरला. दुसऱ्या दिवसापासून डाग बघायला झुंबड उडाली. डाग रसायनं वापरून काढला. बाटली मारणारा मात्र सापडला नाही.

मग ते शिल्प हलवलं का नाही?

हलवायचा हुकूम निघाला होता. तीच जागा भरण्यासाठी शार्ल गुमेरी या शिल्पकाराला नवं, सभ्य ‘नृत्य’ करायला सांगितलं गेलं. ऑपेराच्या छतावरचे सोनेरी समूह याच गुमेरीचे. पण १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं, साम्राज्य पडलं, पॅरिसला वेढा पडला आणि जानेवारी १८७१ मध्ये गुमेरी वारला. त्यानंतर कुणाला ही भानगड उकरून काढण्यात रस उरला नाही. गुमेरीचा समूह आज आंझे शहराच्या संग्रहालयात आहे. त्यात तीन मूर्ती आहेत, सगळ्या व्यवस्थित, आणि बघून झाल्यावर लगेच विसरायला होतं.

आज ऑपेराबाहेर दिसतं ते मूळ शिल्प आहे का?

नाही. धूर आणि पावसाने दगड झिजू लागल्यावर १९६४ मध्ये मूळ समूह काढून लूव्रमध्ये नेला आणि त्या जागी पोल बेलमोंदो या शिल्पकाराने केलेली प्रतिकृती बसवली. फ्रेंच सिनेमे बघणाऱ्यांसाठी सांगतो, नट झां-पोल बेलमोंदो हा त्याचाच मुलगा. मूळ दगड १९८६ पासून ओर्से संग्रहालयात आहे, उंची सव्वाचार मीटरच्या आसपास. आपल्याकडून युरोपच्या सहलीला जाणारे गट ऑपेरासमोर फोटो काढतात तेव्हा पाठीमागे बेलमोंदोची नक्कल असते. नक्कल उत्तम आहे, पण कार्पोच्या छिन्नीची धार बघायची असेल तर नदी ओलांडावी लागते.

छिन्नी त्याच्याच हातात असे का? एवढं काम एकटा माणूस कसं करेल?

एकटा करत नसेच. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये शिल्पकाराचं खरं काम मातीत व्हायचं. आधी तळहाताएवढा ओबडधोबड नमुना. कार्पोचे असे नमुने शेकड्यांनी आहेत, आणि बोटांचे ठसे त्यावर तसेच आहेत. मग मोठी मूर्ती ओल्या मातीत, मग तिचा साचा आणि प्लास्टरची प्रत. इथून पुढे कारागीर. संगमरवर हवा असेल तर प्लास्टरवर बिंदू ठरवायचे, सुईच्या यंत्राने प्रत्येक बिंदूची खोली मोजायची आणि तितकंच दगडात उतरायचं. हे काम करणारे पाथरवट वेगळे असत. उगोलिनोचा संगमरवर बर्नार नावाच्या कारागिराने घडवला. शेवटचा हात शिल्पकाराचा. ब्राँझ हवं असेल तर ओतशाळा. म्हणून ‘मूळ शिल्प कोणतं’ हा प्रश्न त्या काळापुरता थोडा फसवा आहे. मला विचाराल तर कार्पो भेटतो तो छोट्या मातीच्या नमुन्यांत आणि कागदावर.

कागदावर म्हणजे? तो चित्रंही काढायचा?

सतत. त्याच्या वह्या भरलेल्या आहेत: रस्त्यावरची माणसं, नाचाचे जलसे, घोडागाड्या, आजारी चेहरे. तैलरंगातही त्याने बरंच केलं, पण ते प्रदर्शनासाठी नव्हतं. त्विलरीतल्या मेजवान्या, १८६७ मध्ये रशियाच्या झारवर पॅरिसमध्ये झालेला गोळीबार, वेढ्याच्या दिवसांतलं शहर, हे सगळं काळपट रंगांत झपाझप मारलेल्या फटकाऱ्यांत आहे. चित्रकार म्हणून त्याची ओळख फारच उशिरा झाली. ती व्हायला हवी होती.

‘गुलाम म्हणून का जन्मावं?’ या शिल्पावरून वाद का होतो?

दोरांनी बांधलेली कृष्णवर्णीय स्त्री, खांद्यावरून मान वळवून वर बघते आहे. डोळ्यांत राग आणि प्रश्न दोन्ही. बैठकीवर फ्रेंचमध्ये तेच शब्द कोरलेत. १८६९ च्या सलोनमध्ये याची संगमरवरी प्रत मांडली आणि ती सम्राटाने विकत घेतली.

या मूर्तीचा उगम एका कारंज्यात आहे. लुक्सांबूर बागेच्या दक्षिणेला वेधशाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारंजं हवं म्हणून १८६७ मध्ये काम मिळालं. कार्पोने चार खंडांच्या चार स्त्रिया केल्या: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. ओशिआनिया गाळला, कारण पाचव्या मूर्तीने तोल जात होता. एवढा एकच प्रसंग असा, की जिथे याने मूर्ती कमी केली! चौघी आकाशाचा गोल पेलतात, पण स्तब्ध उभ्या राहून नाही, गिरक्या घेत. आफ्रिकेच्या घोट्यात तुटलेली साखळी आहे. प्लास्टर १८७२ मध्ये लोकांपुढे आलं, ब्राँझ १८७४ मध्ये जागेवर बसलं. खालचे उसळणारे घोडे फ्रेमिए या दुसऱ्या शिल्पकाराचे. त्या आफ्रिकेचा अभ्यास करताना हा अर्धपुतळा जन्मला.

वाद असा: फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी १८४८ मध्येच बंद झाली होती. मग वीस वर्षांनी हा प्रश्न विचारण्यात धैर्य कुठलं? शिवाय दोर छातीवर अशा रीतीने आवळलेत की वेदनेबरोबर शरीराचं प्रदर्शनही होतं. आणि याच्या टेराकोटा, ब्राँझ, संगमरवरी प्रती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी विकल्या गेल्या. शिल्पासाठी बसलेल्या स्त्रीचं नाव कुठल्याही प्रतीवर नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१९ मध्ये एक संगमरवरी प्रत घेतली आणि २०२२ मध्ये या प्रश्नांभोवतीच एक प्रदर्शन उभं केलं. हे आक्षेप मला पटतात. तरीही तिची मान ज्या जोराने वळते त्यात शिल्पकाराची कणव खोटी आहे असं वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मातीत कालवलेल्या आहेत. त्या वेगळ्या काढता येणार नाहीत.

त्याच्या संसाराचं काय झालं?

वाईट झालं. १८६९ मध्ये त्याने अमेली द मोंफोर या सेनापतीच्या मुलीशी लग्न केलं. गवंड्याचा मुलगा सरदार घराण्यात जावई झाला. तीन मुलं झाली. पण संशय, भांडणं आणि हात उगारण्यापर्यंत मजल गेली आणि १८७४ मध्ये दोघं वेगळी झाली. आजारपण, पैशाची चणचण आणि माहेर-सासरची ओढाताण ही कारणं दिली जातात. बायकोवर हात उगारण्याला त्यांतलं एकही कारण पुरत नाही.

मुलांपैकी लुईझने पुढे वडिलांचं विस्तृत चरित्र लिहिलं. थोरला शार्ल आशियात आला, कंबोडियातल्या अंगकोरच्या बायोन मंदिराच्या शिल्पांची छायाचित्रं घेण्याच्या कामात राहिला आणि १९०४ मध्ये सायगावला वारला.

साम्राज्य गेल्यावर त्याने काय केलं?

काम थंडावलं. १८७१ मध्ये तो लंडनला गेला. चित्रकार जेरोमही तिथेच होता, त्याचा अर्धपुतळा केला. मान जराशी उडवलेली, केस विस्कटलेले, अगदी थोड्या बैठकांत झाल्यासारखा ताजा. ९ जानेवारी १८७३ रोजी पदच्युत सम्राट इंग्लंडमध्ये चिझलहर्स्ट इथे वारला, तेव्हा कार्पो तिकडे गेला, मृतदेहाची रेखाटनं केली आणि त्यावरून अर्धपुतळा घडवला. आता त्यातून काही मिळण्यासारखं नव्हतं.

मृत्यू कशाने झाला?

मूत्राशयाच्या कर्करोगाने. शेवटची दोन वर्षं असह्य दुखण्याची होती. रुमानियन सरदार प्रिन्स स्तिर्बे याने त्याला आसरा दिला, आधी नीसला आणि नंतर पॅरिसजवळ कुर्बव्वा इथे. तिथे १२ ऑक्टोबर १८७५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो गेला. दफन व्हालांसिएनला झालं. गावासाठी योजलेलं वातोचं कारंजं त्याच्या मागे एर्नेस्त इयोलने पुरं केलं, आणि १८८४ मध्ये ते उघडलं.

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘कार्पो’ सही असलेली ब्राँझ दिसतात. ती खरी असतात का?

पुष्कळदा खरी असतात, फक्त ‘खरी’चा अर्थ समजून घ्या. ऑपेराच्या कामात पैसे बुडाल्यावर कार्पोने पॅरिसच्या ओतय भागात स्वतःची कार्यशाळा काढली आणि गाजलेल्या मूर्तींच्या लहान-मोठ्या प्रती विकायला सुरुवात केली. ‘नृत्य’मधला तरुण सुटा मिळे, नर्तकींची डोकी सुटी मिळत, कोळीपोर हव्या त्या आकारात. त्याचा भाऊ एमिल व्यवहार बघत असे, आणि त्यावरूनही घरात बखेडे झाले. या प्रतींवर सहीखेरीज गरुडाचा शिक्का आणि ‘कार्पोची मालमत्ता’ अशा अर्थाची फ्रेंच मोहोर असते. तो वारल्यावरही कुटुंबाने प्रती काढणं चालू ठेवलं, त्यामुळे मोहोर असली म्हणजे वस्तू त्याच्या हयातीतली असं नव्हे. किंमत ठरते ती ओतकामाचा काळ, कडांची सफाई आणि पूर्वी ती कुणाकडे होती याच्या कागदपत्रांवर. हे तपासून देणारा माणूस सोबत नसेल तर पैसे काढू नका.